हरताळ कुणी फासायचा?

मोबाईलच्या पडद्यावर मांडणी कशी बसवायची, हे आज सांगायचं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या रविवारी. मधेच उमराण्याच्या एका वाचकताईंचा निरोप आला आणि तो बाजूला ठेववेना. त्यांच्या घरी कांद्याचा व्यापार, संकेतस्थळाचं काम पुण्यातल्या एका मुलाकडे. त्या विचारतात, "तुम्ही सांगितलंत तशा डिझाइनवर जागच्या जागी टिप्पण्या केल्या. आठ दिवसांनी बघते तर सगळ्या गायब. पुसल्या कुणी?"

पुसल्या नाहीत, ताई. कुणीतरी 'रिझॉल्व्ह' केल्यात, म्हणजे मिटवल्यात. फिग्मा या डिझाइनच्या साधनात प्रत्येक टिप्पणीच्या चौकटीवर बरोबरची खूण असते. ती दाबली की टिप्पणीची पिन नजरेआड होते, फाइलमधून जात नाही. टिप्पण्यांच्या यादीत वर गाळणी आहे, तिथे मिटलेल्या टिप्पण्या दाखवायचा पर्याय निवडा. सगळी प्रश्नोत्तरं जशीच्या तशी समोर येतील.

उत्तर एवढंच. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: टिप्पणी मिटली, हे ठरवायचं कुणी? आज त्यावरच बोलू.

जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्यात त्यांना पिवळे डाग आठवतील. लेखनिकाचं अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, वाळला की वर नवं अक्षर लिहायचं. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं पिवळंधमक खनिज. कसर लागू नये म्हणून पुष्कळदा कागदालाही तो चोळलेला असे, त्यामुळे लेप कागदात मिसळून जाई. 'हरताळ फासणे' आपल्याकडे तिथून आलं. (लिलाव बंद ठेवतात तो हरताळ निराळा. तो हाट आणि ताळं यांचा, म्हणजे बाजाराला कुलूप. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा आपल्या जिल्ह्याने तोही पाहिला.) आणि शब्द गळला असेल तर काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी बारीक खूण. खूण नेमक्या जागी, गळलेला शब्द समासात. फिग्मात 'सी'ची कळ दाबून आपण पडद्यावर पिन रोवतो, ती या काकपदाचीच पणती. आणि ती बरोबरची खूण म्हणजे हरताळ.

आता आमच्या देवळ्यातली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका घरच्या संकेतस्थळाचं काम मी मध्यस्थ म्हणून बघत होतो. डिझायनरने पहिल्या पानावर कांद्याचा झळझळीत फोटो घातला, लालचुटुक. घरातल्या आजोबांनी नातवाच्या फोनवरून त्या फोटोवर पिन रोवली: "हा कांदा आपला नाही." डिझायनरने फोटो बदलला. नवा कांदाही तितकाच लाल. वर 'डन' लिहून त्याने खूण दाबली. पिन गेली, पान चढलं.

आजोबांचं म्हणणं निराळंच होतं. त्यांचा माल उन्हाळ कांदा. मार्च-एप्रिलमध्ये काढायचा, चाळीत भरायचा आणि भाव बघून पुढे चार-सहा महिने विकायचा. फोटोतला लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. ज्याचा सगळा धंदा टिकणाऱ्या मालावर, त्याच्या दारावर नाशिवंत मालाची पाटी लागली. दूरचे व्यापारी फोन करून लाल मालाचा भाव विचारू लागले तेव्हा चूक उमगली. फोटो बदलायला पाच मिनिटं लागली. पण आजोबा त्या फाइलकडे परत फिरकले नाहीत. "लिहिलं की पुसून टाकतात," म्हणाले.

चूक कुणाची? आजोबांनी कारण लिहिलं नाही, हे खरं. "आपण उन्हाळ विकतो, हा लाल आहे" एवढं असतं तर डिझायनरला कळलं असतं. पण मोठी चूक पुढची. ज्याला मुद्दा कळलाच नव्हता, त्यानेच तो मिटल्याचं ठरवलं. आणि मी ती पिन जाताना पाहिली होती, तरी गप्प बसलो.

डिझायनरचीही बाजू आहे. स्वतःच्या कामावर गोवर उठल्यासारख्या पिना कुणाला बघवतात? फिग्मा 2016 च्या सप्टेंबरात सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा पुष्कळ डिझायनर बिथरले होते. काम चालू असताना कुणी मागे उभं राहून बघावं, हेच त्यांना नको होतं. त्यामुळे पिन दिसली की हात खुणेकडे जातो.

यापेक्षा आपली कचेरी शहाणी. नस्तीवर साहेबांनी 'खुलासा करावा' असा शेरा मारला की कारकून खुलासा लिहितो. पण शेरा मिटला असं तो स्वतः ठरवत नाही, नस्ती परत साहेबांपुढे जाते. त्या कांद्याच्या फोटोपासून माझ्याकडच्या प्रत्येक कामात हाच नियम आहे: ज्याने काम केलं त्याने उत्तर लिहायचं, ज्याने विचारलं त्याने खूण दाबायची. ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या तेवढ्या सोडून.

यावर तरुण मुलं म्हणतात, "काकांना कसं सांगायचं, तुम्ही बंद करा म्हणून?" सांगायचं. पिनखाली @ लिहून काकांचं नाव निवडा, त्यांना सूचना जाते. मग लिहा, "काका, फोटो बदललाय. एकदा नजर घाला आणि पटला तर खूण दाबा." यात आगाऊपणा नाही, उलट मान आहे. त्यांचा शब्द अखेरचा, असंच तुम्ही सांगताय.

साधन कुठलंही असो, नियम तोच. गूगल डॉक्समध्ये टिप्पणी एखाद्याच्या नावावर सोपवता येते. वर्डप्रेसच्या डिसेंबर 2025 मध्ये आलेल्या 6.9 आवृत्तीत लेखाच्या एकेका ब्लॉकला टिपण जोडायची सोय झाली. खुणेचं बटण सगळीकडे आहे. 'खरंच मिटलं का?' असं मात्र कुठलंच साधन विचारत नाही.

तर ताई, मिटलेल्या टिप्पण्या आज बाहेर काढा आणि एकेक वाचा. जे काम झालंय ते झालं. जे झालं नाही ती टिप्पणी परत उघडा आणि त्याच पिनखाली कारणासकट लिहा. फोन करून भांडू नका, फोनवरचं भांडण फाइलमध्ये राहत नाही.

मोबाईलचा पडदा पुढच्या रविवारी. नक्की.