गजांपलीकडचा घरचा माणूस

जुन्या हुबळीच्या एखाद्या बोळात, नळाला पाणी येण्याच्या सकाळी, एक घर अवचित मुके झालेले दिसते. घागरी दाराशीच पालथ्या असतात, चूल पेटलेली नसते, आणि शेजारच्या ओट्यावर हलक्या आवाजात बोलणे चाललेले असते. आदल्या रात्री पोलीस आले आणि घरातील कर्त्या मुलास घेऊन गेले, एवढेच साऱ्यांना ठाऊक असते. अशा घरात लाज आणि अज्ञान ही दोन्ही एकदमच शिरतात. लाज काळाच्या ओघात ओसरते. अज्ञान मात्र महिनोन्महिने घर पोखरीत राहते. मुलगा कोठे आहे, त्यास भेटता येते की नाही, पत्र धाडावे तर कोणत्या पत्त्यावर, यांतील काहीच घरच्या मंडळींना माहीत नसते. तुरुंगातील आप्ताशी संबंध कसा राखावा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. तुरुंगात असलेला मनुष्य म्हणजे गुन्हेगार, असे सर्वसामान्यपणे मानले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते, आणि त्यांतील दर चारांमागे तिघे कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अद्याप लागलेला नाही असे. कायद्याच्या दृष्टीने असा मनुष्य निर्दोषच समजला जातो. हुबळीच्या उपकारागृहाच्या किंवा वीस किलोमीटरांवरील धारवाडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या दाराशी पिशवी घेऊन उभी असलेली आई ही शिक्षा झालेल्याची आई असेलच असे नाही.

शिवाय तुरुंग हा या शहरास अगदीच अनोळखी आहे असेही नाही. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्याबरोबरचे हुबळीचे स्वयंसेवक तुरुंगात गेले होते. त्या काळीही घरच्यांना टपालाचीच वाट पाहावी लागे. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ साली पुण्यास सत्यभामाबाई निवर्तल्या. ती वार्ता त्यांना तारेने कळली. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांना १९६४ साली रॉबेन बेटावर नेल्यानंतर आरंभीची काही वर्षे सहा महिन्यांतून एक पत्र आणि एक भेट एवढीच मुभा होती. भिंतीपेक्षा हा अबोलाच बंद्यास अधिक जड जातो, हे या थोरांच्या चरित्रांवरून दिसते. मग जुन्या हुबळीतील हमालाच्या किंवा शिंप्याच्या मुलाची गोष्ट कशाला सांगावयास हवी?

आता कायद्याकडे वळू. घरच्यांची भेट ही तुरुंगाधिकाऱ्याने केलेली मेहेरबानी आहे, अशी अनेकांची समजूत असते आणि म्हणून ते दाराशी हात जोडून उभे राहतात. इंग्रजी अमदानीतील १८९४ च्या तुरुंग कायद्यानेही कच्च्या कैद्यास आप्तांशी व वकिलाशी भेटीची, तसेच बाहेरून अन्न, वस्त्र, अंथरूण घेण्याची तरतूद केली होती. पुढे १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. या बाई दिल्लीत स्थानबद्ध होत्या. त्यांची पाच वर्षांची मुलगी त्यांच्या बहिणीजवळ होती, आणि मायलेकींना महिन्यातून एकदाच भेटता येत असे. जगण्याच्या मूलभूत हक्कात घरच्यांशी व वकिलाशी वाजवी भेटीचा समावेश होतो, असे न्यायालयाने ठरविले आणि आठवड्यातून निदान दोन भेटी मिळाव्यात असा निर्णय दिला. तेव्हा दाराशी विनंती अवश्य करावी, परंतु ती हक्काची आहे हे मनात असू द्यावे.

प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने पावले टाकावीत? अटक झाल्यावर ती खबर आप्तास किंवा मित्रास देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यापासून हा दंडक आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे. अटकेपासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत त्यास न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. त्या दिवशी घरातील एकाने न्यायालयात हजर असावे, हे सर्वांत महत्त्वाचे. पोलीस कोठडी मिळाली की न्यायालयीन कोठडी, हे तेथेच कळते. न्यायालयीन कोठडी असेल तर कोणत्या तुरुंगात, हेही तेथेच विचारून घ्यावे. गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे आणि पुढली तारीख या चार गोष्टी एका वहीत लिहून ठेवाव्यात. ही वही पुढे घरातील पोथीइतकी जपावी लागते.

मुलाखतीचे वार व वेळा प्रत्येक तुरुंगाच्या निराळ्या असतात. म्हणून प्रथम एकदा विचारून यावे आणि मगच वृद्धांना व मुलांना घेऊन जावे. ओळखपत्र जवळ लागते. दारावर नोंद होते, झडती होते, भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागतो. घरून नेलेला डबा आत जाईलच असे नाही; काय चालते हे आधी विचारावे, आणि औषध असल्यास डॉक्टरची चिठ्ठी बरोबर न्यावी. पैसे कैद्याच्या हाती न देता कार्यालयात त्याच्या नावे भरावयाचे व पावती घ्यावयाची.

भेट थोड्या मिनिटांची असते. मध्ये जाळी किंवा काच, भोवती दहा कुटुंबे एकदम बोलत असलेली. पुष्कळ बायका त्या वेळात नुसत्या रडतात आणि परतताना बसमध्ये आठवते की विचारावयाचे ते राहूनच गेले. म्हणून बोलण्याचे मुद्दे आधी ठरवून न्यावेत. प्रकृती कशी आहे, कोणी त्रास देतो काय, वकील भेटला काय, हे प्रथम विचारावे. मग घरची हकीकत सांगावी, आणि ती खरी सांगावी. आजारपण लपविले की पुढच्या प्रत्येक चांगल्या बातमीवरील त्याचा विश्वास उडतो. खटल्याची गोष्ट मात्र जाळीशी बोलू नये; ती वकिलाशी बोलण्याची आहे.

पत्राचे महत्त्व दूरध्वनीच्या काळातही कमी झालेले नाही. बोलणे विरून जाते, पत्र उशाशी राहते. तुरुंगातील पत्र अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाते, हे लक्षात ठेवून ते साधे व स्पष्ट लिहावे. वर बंद्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि माहीत असल्यास बंदी क्रमांक घालावा. मजकूर मराठी असला तरी पत्ता कन्नडमध्ये लिहिणे या भागात सोयीचे पडते. पत्रात मोठमोठा उपदेश नको. अंगणातील पेरूला फळे धरली, धाकटीला गणितात इतके गुण मिळाले, सिद्धारूढ मठाच्या जत्रेला कोण कोण आले होते, अशा बारीक गोष्टींनीच त्यास आपण अजून त्या घराचे आहोत असे वाटते. पंडित नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात मुख्यत्वे तुरुंगातून कन्येस जी पत्रे लिहिली, त्यांतून जगाच्या इतिहासाचा ग्रंथ झाला. साध्या घरात ग्रंथ होत नाही. पण महिन्याकाठी एक पत्र लिहिणे कोणासही शक्य आहे.

ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी ‘ई-मुलाकात’ ही सरकारी सोय आहे. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर नोंदणी करून भेटीची वेळ मागता येते, आणि तुरुंगाने मान्यता दिल्यास पडद्यावर एकमेकांस पाहताही येते. २०२० च्या साथीत प्रत्यक्ष भेटी बंद पडल्या, तेव्हा अनेकांना अशा पडद्यावरील भेटीचाच आधार होता. या सोयीचे मोल जुन्या हुबळीस ठाऊक आहे. १६ एप्रिल २०२२ च्या रात्री समाजमाध्यमावरील एका चित्रावरून येथील पोलीस ठाण्याबाहेर हिंसाचार झाला, शंभराहून अधिक जणांना अटक झाली आणि त्यांतील पुष्कळांना दूर कलबुर्गीच्या कारागृहात हलविण्यात आले. दोषी कोण, निर्दोष कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु धारवाडला जाऊन दुपारी परतणे निराळे आणि रोजंदारी बुडवून तीनशे किलोमीटरांवर जाणे निराळे. बंद्यास दूर हलविले असेल तर वकिलामार्फत जवळच्या तुरुंगासाठी अर्ज करता येतो. तो मान्य होईतो पत्र व पडदा यांवर भागवावे लागते.

संबंध राखणे म्हणजे केवळ ममता नव्हे. त्यावर सुटकाही अवलंबून असते. वकीलपत्रावर बंद्याची सही तुरुंगातूनच आणावी लागते. दोषारोपपत्र गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दाखल झाले नाही, तर बंद्यास जामिनाचा हक्क मिळतो. काही विशेष कायद्यांखाली ही मुदत अधिक असते. मात्र त्यासाठी वेळीच अर्ज करावा लागतो. दोषारोपपत्र आधी आले तर ती संधी जाते. दिवस मोजणारा कोणी घरी असेल तरच हा हक्क हाती येतो. पहिल्याच गुन्ह्याचा आरोप असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर नव्या संहितेनुसार त्याची सुटका व्हावयास हवी. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस व अनेक खटले असलेल्यांस ही सवलत नाही. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीत असलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहणारे लोक आहेत. सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे. घरच्यांनीही तेथे जाऊन विचारावे.

शेवटी मुलांविषयी. बाबा गावाला गेले आहेत, असे लहान मुलास सांगण्याची रीत आहे. पण शाळेच्या मधल्या सुटीत कोणीतरी त्यास खरे सांगतेच, आणि मग ते मूल घरच्यांवरही विश्वास ठेवीनासे होते. बाबा तुरुंगात आहेत, न्यायाधीश विचार करीत आहेत, आणि आपण त्यांना पत्र लिहू शकतो, एवढे सांगणे पुरे. ते मूल वर्गात गप्प बसत असेल तर शिक्षकाने कारण चारचौघांत विचारू नये. त्यास पत्र लिहिण्यास मदत करावी.

बंदिवानाची भेट घेणे हे ख्रिस्ती परंपरेने दयेच्या सात कृत्यांत गणले आहे. बोळातील एखाद्या शेजाऱ्याने त्या मुक्या घराशी जाऊन, ‘काकू, गुरुवारी मी तुमच्याबरोबर धारवाडला येतो, वही बरोबर घ्या,’ एवढे म्हटले, तर तेच कृत्य घडते.