होडीचे बूड आणि ग्रीस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने होडीच्या बुडाला काय फासावे यावर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण खाडीकाठी वाढलेल्याला हा प्रश्न परका नाही. पावसाळा सरला की होडी असलेल्या प्रत्येक घरात तो उभा राहतो.

प्रथम मूळ व्याधी पाहू. कोणतीही वस्तू समुद्रात ठेवली की लवकरच तिच्यावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. मग शेवाळ येते आणि बार्नेकलही. हा प्राणी कोळंबीच्या गोत्रातला. लहानपणी स्वैर पोहतो. एकदा जागा पसंत पडली की डोके टेकवून स्वतःच्याच चिकट द्रव्याने कायमचा डकतो आणि भोवती चुन्याचे कवच बांधतो. बूड असे खरखरीत झाले की होडी जड चालते, डिझेल अधिक जळते.

यावर रूढ उपाय विषारी रंगाचा. त्यातले तांबे हळूहळू पाण्यात सुटते आणि बसू पाहणाऱ्या जिवांना मारते. १९६० नंतर अशा रंगांत ट्रायब्युटिल टिन हे फार जालीम विष वापरले जाऊ लागले. फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरात १९७०च्या दशकाअखेर कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली, नवी पिल्ले धरेनाशी झाली. १९८२ साली फ्रान्सने पंचवीस मीटरहून लहान बोटींवर त्याला बंदी केली. आंतरराष्ट्रीय बंदी अमलात यायला २००८ साल उजाडले. तांबे अजून चालूच आहे. ओहोटीला खडकावर बसून कालवे फोडणाऱ्या बायकांच्या टोपलीशी होडीच्या रंगाचा संबंध आहे तो असा.

मग विषाऐवजी ओशटपणा का नको? ही कल्पना नवी नाही. अरबी गलबतांच्या पाण्याखालच्या भागाला चुना आणि जनावराची चरबी एकत्र मळून फाशीत, वरच्या फळ्यांना मुशीच्या यकृताचे तेल. गलबत किनाऱ्याला लावून जुना थर खरवडायचा आणि नवा चढवायचा. यात गंमत अशी की चुना आणि चरबी यांच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो, आणि यंत्रांना लावतात त्या चुन्याच्या ग्रीसचा पायाही हाच साबण. डबाबंद ग्रीस हे त्या जुन्या लेपाचे नात्यातलेच म्हणायचे!

परदेशातील हौशी नाविकांनी या वाटेने बरेच प्रयोग केले आहेत. कोणी पंख्याला मेंढीच्या लोकरीतली चरबी, म्हणजे लॅनोलिन, चोपडतो. अमेरिकेत तर तान्ह्या मुलांच्या लंगोटाच्या पुरळावरचे जस्तयुक्त मलम पंख्याला लावणारे आहेत. ऐकायला हास्यास्पद, पण तत्त्व खोटे नाही. बार्नेकलचा चिकटा पक्क्या पृष्ठभागावर घट्ट धरतो. मऊ ग्रीसवर तो धरला तरी ग्रीसच सुटून येते, आणि बरोबर बिऱ्हाडही. पंखा फिरतो, पाणी जोरात घासते, म्हणून तिथे याला जोर.

बुडाचे गणित निराळे. नांगरून ठेवलेल्या बोटीला पाण्याचा घासारा मिळत नाही, ग्रीसवरही शेवाळ धरते. खोबरेल किंवा माशाचे तेल जंतूच खाऊन टाकतात. खनिज तेलाचे ग्रीस टिकते, पण सुटले की खाडीवर तवंग येतो. विष टाळायचे आणि तेल सांडायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

माझ्या मते निर्णय होडी कुठे राहते यावर आहे. उलांडीची होडी रोज वाळूवर ओढली जाते, बूड उन्हात सुकते, बसू पाहणारे जीव तिथेच मरतात. तिला विषारी रंगाची गरजच नाही. तेलाचा हात लाकडासाठी पुरे. फायबरच्या होडीला तर लाकूड पोखरणाऱ्या किड्याचेही भय नाही. महिनोन्‌महिने पाण्यात राहणाऱ्या बोटीला मात्र एकट्या ग्रीसवर सोडू नये. तिच्या पंख्याला आणि दांड्याला लॅनोलिन लावावे. बूड वारंवार घासावे, नाहीतर नाइलाजाने रंगवावे.

एक सूचना सिलिकोनच्या ग्रीसबद्दल. ते एकदा बुडाला लागले की पुसून सहज जात नाही, आणि त्यावर पुढे कोणताही साधा रंग धड बसत नाही. जागोजागी फाटून वर्तुळे पडतात. म्हणून ते बुडापासून दूर ठेवावे, आणि लागलेच तर घासकागद घेण्यापूर्वी योग्य द्रावणाने धुऊन काढावे. आधीच घासले तर ते आणखी पसरते.