पोर्ट वाईन नेमकी कशासोबत? गोव्याची गोड बाटली, पोर्तुगालची पोर्ट आणि खोरचं अंजीर

पुणे-सोलापूर महामार्गावर वरवंड सोडलं की पाटस येतं. तिथून बारामतीचा रस्ता धरला की रोटी घाट. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून याच वाटेने उंडवडीकडे जाते आणि याच वाटेवरच्या रोटी गावात फोर सीझन्स ही वायनरी आहे. विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने ती उभारली, पुढे ती ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. शिराझ, कॅबरने सोविन्यों, शेनिन ब्लां अशा द्राक्षांच्या वाईनसाठी ती ओळखली जाते.

तरीही आपल्याकडे अनेकांना वाईन म्हटलं की पहिली आठवते ती 'पोर्ट'. गोव्याहून परतताना बॅगेत टाकलेली गोड, लाल, स्वस्त बाटली. मग कुठेतरी वाचनात येतं की जगभरचे वाईनतज्ज्ञ जेवण संपताना पोर्टसोबत निळ्या बुरशीचं चीज खातात. आपण गोव्याची बाटली उघडतो, चीजची स्लाइस तोंडात टाकतो, आणि यात एवढं काय आहे ते काही कळत नाही.

कळणार नाहीच. कारण तज्ज्ञ ज्या पोर्टबद्दल बोलतात ती ही नव्हेच.

पोर्ट म्हणजे काय?

खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात होते. ज्या पोर्तो शहरातून ती जहाजावर चढायची, त्याच्यावरून हे नाव पडलं. या खोऱ्याची हद्द 1756 मध्येच सरकारी हुकमाने आखली गेली. वाईनच्या प्रदेशाला कायद्याने सीमा घालण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक.

साध्या वाईनमध्ये यीस्ट द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं. पोर्ट करताना हे काम अर्ध्यावरच थांबवतात. रस दोन-तीन दिवस आंबला की त्यात द्राक्षापासूनच काढलेलं, 77 टक्के अल्कोहोल असलेलं स्पिरिट ओततात. साधारण चार भाग रसाला एक भाग स्पिरिट. इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते, पण ती गोडी द्राक्षाची स्वतःची असते, आणि लिटरमागे ती साधारण 100 ग्रॅमच्या घरात असते. अल्कोहोल 19 ते 22 टक्के.

पुढे पोर्टच्या दोन मुख्य वाटा होतात. मोठ्या टाक्यांत ठेवलेली, हवा फार न लागलेली ती रुबी: गडद लाल, जांभूळ-करवंदाच्या वळणाची. लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं हळूहळू हवा खात मुरलेली ती टॉनी: रंग विटकरी होत जातो, चव सुकामेवा आणि काकवीकडे झुकते. टॉनीच्या बाटलीवर 10, 20, 30, 40 वर्षं असे आकडे असतात. याशिवाय एखाद्या उत्तम वर्षाच्या द्राक्षांची 'व्हिंटेज' पोर्ट वेगळी. ती दोनेक वर्षांत बाटलीत भरतात आणि मग बाटलीतच वीस-तीस वर्षं मुरू देतात.

गोव्याच्या बहुतेक पोर्टचं द्राक्ष बाहेरच्या राज्यांतून येतं आणि ते बहुधा बेंगळुरू ब्लू जातीचं असतं. टपोरं, काळं, सरबताच्या वासाचं. त्यात साखर घालून गोडी आणलेली असते. युरोपात 'पोर्ट' हा शब्द दोरूबाहेरच्या वाईनला वापरता येत नाही. ऑस्ट्रेलियानेही युरोपीय संघाशी करार झाल्यावर तो सोडला. आपल्याकडच्या लेबलांवर मात्र तो अजून आहे. गोव्याची बाटली वाईट असं माझं म्हणणं नाही. थंड करून, बर्फ घालून ती आवडीने पिणारे आहेतच. पण तिच्यावर जोडीचे नियम लावायला गेलात तर फसगत होते.

चीजशी जोडी का जमते?

पेरूवर आपण मीठ का टाकतो? खारट चवीमुळे गोडी उठून दिसते आणि गोडीमुळे खारटपणा बोचत नाही, म्हणून. पोर्ट आणि स्टिल्टन या जोडीमागे हेच आहे. स्टिल्टन हे इंग्लंडचं निळ्या बुरशीचं चीज. चांगलंच खारट, उग्र वासाचं, भरपूर स्निग्ध. पोर्टची साखर त्याचा खारटपणा सावरते आणि चीजमधली चरबी पोर्टचा तुरटपणा व अल्कोहोलचा चटका कमी करते.

म्हणजे चीजला मीठ हवं, मुरलेपण हवं. पनीर इथे बाद: ते अळणी आणि ताजं. प्रोसेस्ड स्लाइससुद्धा फारशा कामाच्या नाहीत. वितळवून एकजीव केलेल्या त्या चीजला एकच सपाट चव असते. चीजसाठी परदेशात जायची गरज नाही. मंचरच्या 'पराग'चं 'गो' चीज आहे, पुण्याच्या एबीसी फार्म्सने तर आपल्याकडे चीज म्हणजे एकच पिवळा ठोकळा असताना कितीतरी प्रकार करून दाखवले. रुबीसोबत निळं चीज किंवा मुरलेलं चेडर, टॉनीसोबत गौडासारखं कडक चीज, अशी सुरुवात करावी.

मराठी ताटात पोर्ट कुठे बसते?

जेवणासोबत बहुधा कुठेच नाही. तिखटाची आग आणि अल्कोहोलचा चटका शरीरात एकाच प्रकारच्या संवेदकांना जागं करतात, त्यामुळे 20 टक्क्यांची पोर्ट मटणाच्या रश्शासोबत घेतली तर रस्सा दुप्पट तिखट लागतो. तिथे कमी अल्कोहोलची, थोडी गोडसर, थंड शेनिन ब्लां कितीतरी बरी.

पोर्टची जागा जेवणानंतरची. गोड पदार्थासाठी तज्ज्ञ एक साधा नियम पाळतात: पदार्थ वाईनपेक्षा गोड नको, नाहीतर वाईन आंबट आणि पातळ वाटते. पाकातला गुलाबजाम म्हणून बाद. पुरणपोळीही मला जड वाटते. पण दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांचा गूळ आणि टॉनी यांच्यात खरंच नातं आहे, दोन्हीकडे काकवीसारखी भाजकी गोडी असते. त्यामुळे भाजलेले खारे शेंगदाणे, फार गोड नसलेली गुळाची चिक्की, खजूर टॉनीसोबत छान लागतात. सगळ्यात उत्तम जोडी मात्र अंजिराची. वरवंडच्या दक्षिणेला असलेलं खोर अंजिरांसाठी प्रसिद्ध आहे. पिकलेलं अंजीर चिरून त्यावर खारट चीजचा तुकडा ठेवा. ही जोडी टॉनी नसली तरीही जमते, हे न पिणाऱ्यांसाठी.

किती, आणि कुणी नाही?

पोर्ट छोट्या ग्लासात 60 मिलिलिटर देतात ते उगाच नाही. वाईनच्या ग्लासात 150 मिलिलिटर, 20 टक्क्यांची पोर्ट ओतली तर पोटात 30 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं. आपल्याकडच्या 42.8 टक्के व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या पेगमध्ये ते 26 मिलिलिटरहून कमी असतं. गोड लागते म्हणून हलकी समजून प्यायली जाणारी पोर्ट ही अशी पेगपेक्षा जड पडते. गोव्याच्या बाटलीतही प्रमाण वेगवेगळं असतं, ते लेबलावर छापलेलं असतं, वाचून घ्यावं.

पोर्टने 'रक्त वाढतं' म्हणून ती अशक्त माणसाला, अगदी बाळंतिणीलाही चमचा-चमचा देण्याचा प्रघात अजून सापडतो. ब्रिटिश काळातले डॉक्टर पोर्ट टॉनिक म्हणून देत, त्याचंच हे शेपूट. वाईनमध्ये लोह नगण्य असतं आणि लाल वाईनमधली तुरट द्रव्यं उलट अन्नातल्या लोहाचं शोषण कमी करतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात अल्कोहोल उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अल्कोहोलचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही.

आणि बाटली उघडल्यावर? रुबी फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते, टॉनी दोनेक महिने. व्हिंटेज मात्र एक-दोन दिवसांत संपवावी लागते, म्हणून ती एकट्याने उघडू नये.