रक्त गोठणे आणि दाह : एक परस्परसंबंध

न्यूमोनियाच्या रुग्णाला रक्त पातळ करणारे इंजेक्शन कशासाठी, असा प्रश्न देयक हाती पडल्यावर अनेक नातेवाईक आमच्या कार्यालयात येऊन विचारतात. प्रश्न रास्त आहे. आजार फुप्फुसाचा असताना पोटावर रोज हेपॅरिन टोचावे आणि डी-डायमर नावाची तपासणी पुनःपुन्हा करावी, हे वरकरणी विसंगत वाटते. गरजू रुग्णांची अशी देयके देणगीदारांच्या साह्यातून भागविली जात असल्याने त्याचे उत्तर येथे देणे आम्ही कर्तव्य समजतो.

जखम झाली की रक्त गोठते आणि भोवती सूज, लाली, उष्णता निर्माण होते. या दोन क्रियांचे मूळ नाते फार जुने आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरही आढळणाऱ्या, घोड्याच्या नालासारख्या दिसणाऱ्या खेकड्याचे रक्त जंतूंच्या विषाचा स्पर्श होताच गोठते व जंतू तेथेच अडकतात. (इंजेक्शने जंतुविषापासून मुक्त आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी याच गुणधर्माचा उपयोग केला जातो.)

मनुष्यातही असेच काही घडते. जंतूंची चाहूल लागलेल्या काही पांढऱ्या पेशी ‘टिश्यू फॅक्टर’ हे प्रथिन बाहेर मांडतात, त्यातून थ्रॉम्बिन तयार होते आणि रक्तात फायब्रिनचे धागे विणले जातात. हेच थ्रॉम्बिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरास चेतवून दाह वाढविते. काही पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएचे जाळे फेकतात, हे २००४ साली उजेडात आले. त्या जाळ्यातही प्लेटलेट्स अडकून गुठळी होते. अशा रीतीने दाहातून गुठळी व गुठळीतून दाह हे चक्र सुरू होते. मर्यादित जागेत ते उपकारकच असते. मात्र सेप्सिसमध्ये ते सर्वांगात पसरले, तर मूत्रपिंडे, फुप्फुसे यांच्या सूक्ष्म वाहिन्या बंद होतात. गोठण्याचे द्रव्य त्यात खर्ची पडून शिल्लक शून्यावर आली, की तोच रुग्ण रक्तस्रावाने खालावतो. काल रक्त पातळ करणारे औषध आणि आज प्लाझ्मा आणण्याची धावपळ, यामागील कारण हे आहे.

यावर रामबाण औषध मात्र नाही. सेप्सिसवर २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी’ हे महागडे औषध लाभ सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. कोविडच्या काळात, २०२१ च्या चाचण्यांत, हेपॅरिनची उपचारात्मक पूर्ण मात्रा मध्यम आजारी रुग्णांना उपयोगी ठरली. अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांना नाही. म्हणूनच मात्रा रुग्णागणिक ठरते. डी-डायमर हा विरघळलेल्या फायब्रिनचा अवशेष होय. वार्धक्य, गर्भावस्था व नुसत्या दाहातही तो वाढतो. त्यामुळे एका आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

रुग्णास पूर्वी जठरव्रण वा रक्तस्राव झाला असल्यास, अथवा ॲस्पिरिन चालू असल्यास, नातेवाइकांनी दाखल होतानाच तसे सांगावे. घरी गेल्यानंतरही एक पाय सुजला किंवा एकाएकी धाप लागली, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.