काम न थांबवता डिस्क बदलणे

बँकेच्या संगणकात हजारो खातेदारांचा हिशेब साठवलेला असतो. हा हिशेब ज्या डिस्कवर आहे, तीच बिघडली तर? लोकांच्या कष्टाच्या पैशांची नोंद नाहीशी होईल. म्हणून अशी माहिती एकाच डिस्कच्या भरवशावर ठेवत नाहीत.

१९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या, महाग डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, असे त्यांनी सुचवले. या पद्धतीला 'रेड' म्हणतात.

एक डिस्क गेली तरी माहिती कशी वाचते? एक उदाहरण पाहा. संगणक सर्व माहिती ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. समजा, तीन डिस्कवर १, ० आणि १ हे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा, की एकूण १ची संख्या सम व्हावी. येथे १ दोनदा आला आहे, म्हणून चौथा अंक ०. आता पहिली डिस्क बिघडली. उरलेले अंक ०, १, ०. सम संख्या होण्यासाठी पहिला अंक १ असलाच पाहिजे. हरवलेला अंक सापडला!

बिघडलेली डिस्क बदलावी तर लागतेच. पण बँकेचा संगणक बंद कसा करायचा? यासाठी चालू संगणकातच डिस्क काढता-घालता येते. तिला 'हॉट-प्लग' डिस्क म्हणतात. 'हॉट' म्हणजे गरम; पण येथे अर्थ आहे 'वीज चालू असताना'. अशा डिस्कच्या जोडणीतील काही पट्ट्या इतरांपेक्षा लांब असतात. त्या आधी टेकतात, म्हणून वीज सुरक्षितपणे जोडली जाते.

नवी डिस्क आत सरकवली, की पुढे काय होते? लिनक्स या संगणक-प्रणालीत ती आल्याची वर्दी 'यूडेव्ह' या कार्यक्रमाला मिळते. तो 'एमडीएडीएम' या दुसऱ्या कार्यक्रमाला बोलावतो. हा कार्यक्रम नील ब्राउन यांनी २००१ साली तयार केला. तो डिस्कची जणू चौकशी करतो.

गटातील प्रत्येक डिस्कवर त्या गटाची ओळखखूण लिहिलेली असते. खूण जुळली, तर ती आपल्याच गटाची डिस्क. शिवाय प्रत्येक डिस्कवर बदलांचा एक आकडाही असतो. ज्या डिस्कचा आकडा मागे राहिला, तिच्यावरील माहिती जुनी. थोड्या वेळासाठी निघालेली डिस्क परत आली, तर मधल्या काळात बदललेला भाग तेवढाच तिच्यावर लिहिता येतो. मात्र कोणते भाग बदलले, याची नोंद ठेवलेली हवी.

डिस्क अगदी कोरी असेल तर? संगणक सांभाळणाऱ्याने आधी तसा नियम लिहून ठेवला असेल, तर ती राखीव डिस्क म्हणून घेतली जाते. मग हरवलेली माहिती तिच्यावर पुन्हा लिहिली जाते. डिस्क मोठी असेल, तर या कामाला अनेक तास लागतात.

पण समजा, कोणी आपली फोटोंनी भरलेली डिस्क त्याच जागी जोडली. तिला राखीव समजून घेतले, तर सारे फोटो पुसले जातील! म्हणून अनोळखी पण भरलेल्या डिस्कला कार्यक्रम एरवी हात लावत नाही. तिच्यावरही लिहिण्याची परवानगी माणूस देऊ शकतो. पण ती फार विचार करून द्यावी लागते. यंत्र हुकूम पाळते. हुकमाची जबाबदारी माणसाची असते.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही चुकून एखादी फाइल पुसली, तर ती सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते. तेथे 'रेड' तुमच्या मदतीला येत नाही. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक नक्कल नेहमी वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

स्वाध्याय

१. 'हॉट-प्लग' डिस्क कशाला म्हणतात?
२. चार डिस्कवर १, १, ० आणि ० हे अंक आहेत. दुसरी डिस्क बिघडली, तर तिचा अंक कसा शोधाल?
३. 'रेड' असूनही वेगळी नक्कल का ठेवावी?