परवाना घेतल्यानंतरची सेवा

व्यवसायाचे सॉफ्टवेअर घेताना दुकानदाराच्या किंवा कारखानदाराच्या हाती पडतो तो वापरण्याचा परवाना. प्रोग्रॅमची मालकी बनवणाऱ्या कंपनीकडेच राहते, आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचे संरक्षण आहे. परवाने साधारण दोन प्रकारचे असतात. एकात रक्कम एकदाच भरून वापराचा हक्क कायमचा मिळतो, दुसऱ्यात दर महिन्याला किंवा दर वर्षी वर्गणी भरावी लागते. पहिल्या प्रकारातही हक्क मिळतो तो त्या दिवशीच्या आवृत्तीचा. पुढच्या सुधारणा, चुकांची दुरुस्ती, सुरक्षेचे अपडेट, कायदा बदलल्यावर करावे लागणारे फेरफार आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस, हे सगळे देखभाल-सेवेत येते. ही सेवा बहुतेक वेळा वेगळी विकली जाते. खरेदीच्या वेळी घासाघीस होते ती मात्र परवान्याच्या किमतीवर, सेवेच्या अटी कोणी फारशा विचारत नाही.

अकोला आणि अमरावतीच्या बाजारपेठांत या सेवेची किंमत चांगली कळते, कारण इथला व्यापार हंगामी आहे. दसऱ्याच्या सुमारास जिनिंग-प्रेसिंग सुरू होते, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि वर्षाचा बहुतेक हिशोब तीन-चार महिन्यांत उरकायचा असतो. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलांची धावपळ नवी तूर आली की सुरू होते. कायद्यातले बदल मात्र हंगाम पाहून येत नाहीत.

वस्तू आणि सेवा कर 1 जुलै 2017 ला लागू झाला. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांत, 15 नोव्हेंबर 2017 पासून, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर खरेदीदाराने स्वतः भरायचा असा नियम आला. शेतकरी पावती देत नाही, म्हणून जिनवाल्याने स्वतःच्याच नावे बिल तयार करायचे, पाच टक्के कर भरायचा आणि मग त्याची वजावट घ्यायची. हे सगळे ऐन आवकेच्या दिवसांत आले. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये उलट्या कर-आकारणीची सोय अपडेटमधून आली त्यांच्या दिवाणजीला एक नवी नोंद शिकावी लागली. ज्यांच्याकडे ती आली नाही त्यांना प्रत्येक काटापट्टीचा हिशोब बाहेर एक्सेलमध्ये मांडून, महिनाअखेर पुन्हा खतावणीशी जुळवत बसावे लागले.

बदल तिथे थांबले नाहीत. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालवाहतुकीला 25 मे 2018 पासून ई-वे बिल लागले. ई-इनव्हॉइसची सुरुवात 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींवरच्या उलाढालीपासून झाली आणि मर्यादा खाली येत येत 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर आली. पाच कोटींची उलाढाल म्हणजे एखादा मध्यम जिन किंवा डाळ मिल सहज त्यात येते. ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याने नोंदणी क्रमांकाशिवाय बिल दिले, तर ते कायद्याने बिलच ठरत नाही आणि समोरच्या खरेदीदाराची करवजावट अडकते. 1 एप्रिल 2023 पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना प्रत्येक नोंदीतला फेरफार कोणी, केव्हा केला याचा माग ठेवणारेच हिशोब-सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले.

डाळ मिलांचे उदाहरण आणखी बोलके आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधी पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के कर आला. त्याआधी हा कर नोंदणीकृत ब्रँडपुरता होता. एकाच मिलमधली तीच तूरडाळ 30 किलोच्या कट्ट्यात करमुक्त आणि एक किलोच्या पाकिटात करपात्र झाली. मालाच्या यादीत दोन स्वतंत्र वस्तू, दोन कर, दोन साठे ठेवावे लागले. पुढे 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपले. ट्रॅक्टर आणि ठिबक संच 12 वरून पाच टक्क्यांवर आले, त्यामुळे शेती अवजारांच्या विक्रेत्यांना एका रात्रीत दर बदलावे लागले.

या भागात हिशोबासाठी सर्वाधिक कानावर पडणारे नाव टॅलीचे आहे. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी 1986 मध्ये ही कंपनी सुरू केली. 2009 मध्ये टॅली ईआरपी 9 आणि 2020 मध्ये टॅलीप्राइम आले. तिचा परवाना कायमचा मिळतो, पण नव्या आवृत्त्या आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या सोयी वार्षिक वर्गणीवर अवलंबून असतात. काही वर्षांपूर्वी एका संगणकाचा परवाना 18,000 रुपयांना आणि वर्गणी 3,600 रुपये होती, म्हणजे किमतीच्या एक पंचमांश. मोठ्या उद्योगांना सॉफ्टवेअर पुरवणारी ओरॅकल वार्षिक सेवेसाठी परवान्याच्या 22 टक्के घेते. जगभर प्रमाण थोडेफार असेच आहे, आणि पाच वर्षांत सेवेवरचा खर्च परवान्याएवढा होतो. खरेदीच्या दिवशीच हा पाच वर्षांचा आकडा मांडला पाहिजे.

वर्गणी थांबवली तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, आणि फसगत होते ती त्यामुळेच. रोजची रोकड, खतावणी, ताळेबंद पूर्वीसारखेच चालतात, म्हणून पैसे वाचले असे वाटते. अडचण पुढच्या बदलाला कळते. जीएसटी कायद्याखाली हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. जुन्या आवृत्तीतला डेटा तेवढी वर्षे उघडता आला पाहिजे, आणि ती आवृत्ती नव्या संगणकावर चालली पाहिजे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 ची सेवा 14 जानेवारी 2020 ला आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवली. संगणकाची प्रणाली आणि हिशोबाचा प्रोग्रॅम दोन्ही जुने, अशा स्थितीत एक बिघडले की दुसरे वाचवणे अवघड जाते.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. त्याला रोखणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, पण असंख्य संगणकांवर ते टाकलेले नव्हते. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. नॉटपेट्याचा उगम मात्र विचार करायला लावणारा आहे. युक्रेनमधल्या एका हिशोब-सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेत घुसखोरी करून तो पसरवला गेला होता. म्हणजे सेवा घेतली की सगळे सुरक्षित झाले असे नाही. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवणे, हे काम कुठल्याही वर्गणीत येत नाही. ते पेढीवरच्या माणसानेच करायचे.

वऱ्हाडात सर्वात जास्त घोटाळा होतो तो दोन प्रकारच्या सेवांच्या गल्लतीतून. कंपनीला दिलेली वार्षिक वर्गणी नव्या आवृत्त्या देते. दर्यापूर किंवा अकोटच्या जिनवर येऊन प्रिंटर, काटा आणि बिलाचा नमुना जुळवून देणारा माणूस हा स्थानिक विक्रेत्याचा असतो, आणि त्याचा करार वेगळा, ज्याला सगळे एएमसी म्हणतात. वर्गणी भरली म्हणजे माणूसही येईल अशी समजूत करून घेतली की हंगामात वाद होतो. त्यात जिनिंगचा हिशोब सरळ विक्री-खरेदीचा नसतो. कापसातून रुई आणि सरकी, सरकीतून तेल आणि ढेप निघते. रुईच्या गाठी मोजायच्या, हमाली, तोलाई, अडत, बाजार समितीचा सेस कापायचा. यासाठी मूळ प्रोग्रॅमवर स्थानिक माणसाकडून जोड बसवून घेतात. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की ही जोड कधी कधी चालेनाशी होते. ती लिहिणारा शहर सोडून पुण्याला गेला असेल आणि बदलता येणारी मूळ फाइल मालकाकडे नसेल, तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. म्हणून जोड करून घेतानाच तिची मूळ फाइल आणि पुढच्या दुरुस्तीचा दर लेखी घेणे हा खरेदीचाच भाग मानला पाहिजे.

परवाना फुकट असला तरी सेवेचा प्रश्न सुटत नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट मुक्त परवान्याखाली कोणालाही विनामूल्य वापरता येते. कंपनीची कमाई होस्टिंग आणि सेवेतून होते. सरकारी पातळीवरही हेच मान्य झाले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 ला 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात सॉफ्टवेअरबरोबर यंत्रसामग्री, जुन्या नोंदींचे डिजिटलीकरण, प्रशिक्षण आणि साहाय्य यंत्रणा धरलेली आहे. गावच्या सोसायटीच्या सचिवाला नुसता पासवर्ड देऊन काम होणार नाही, हे त्यामागचे योग्य आकलन आहे.

प्रत्येकाने प्रत्येक सेवा घ्यावी असे मात्र नाही. कंपोझिशन योजनेतला लहान किराणा दुकानदार, ज्याची विवरणपत्रे सीए भरतो, त्याला वर्गणीवाचून भागू शकते. ई-इनव्हॉइस, ई-वे बिल किंवा शेतकऱ्याकडून थेट खरेदी ज्याच्याकडे आहे, त्याने सेवा टाळणे तोट्याचेच आहे. चोरीचा, क्रॅक केलेला प्रोग्रॅम तर कोणालाच परवडणारा नाही. त्याला अपडेट मिळत नाही, त्यातून व्हायरस येतो, आणि जाणूनबुजून तो वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब प्रमाणे सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

करारात कोणत्या गोष्टी असाव्यात हे थोडक्यात सांगता येते. तक्रार केल्यापासून किती तासांत उत्तर मिळेल, प्रत्यक्ष भेटी किती, रविवारी आणि रात्री हंगामात कोण येईल, कायद्यातल्या बदलासाठी वेगळे पैसे लागतील का, आणि करार मोडल्यास डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल. यातले शेवटचे कलम सर्वात कमी विचारले जाते आणि सर्वात जास्त लागते. ज्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीची मुदत दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान संपते, त्यांनी ती दसऱ्यापूर्वीच वाढवून घ्यावी आणि स्थानिक सेवेचा करारही त्याच वेळी कागदावर आणावा.