बुरशी, किण्वन आणि 'मुरणे'

बुरशी म्हणजे नासाडी, असा आपला रूढ संकेत आहे. परंतु अकिरा एंडो यांनी जपानमध्ये सुमारे ६,००० बुरशींची छाननी करून १९७३ साली पेनिसिलियम सिट्रिनममध्ये कोलेस्टेरॉलची घडण रोखणारे द्रव्य शोधले. पुढे ॲस्परजिलस टेरियसपासून लोव्हास्टॅटिन सिद्ध झाले व १९८७ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. हृदयरोग्यांना मोठा आधार लाभला. त्याच्या किण्वनात विपुल ग्लुकोजने बुरशी फोफावते, पण औषध अल्प मिळते. सावकाश पचणारी दुग्धशर्करा, बेताचा नत्र व पुरेसा प्राणवायू दिल्यास वाढ मंदावते आणि औषध साठू लागते. तेव्हा वाढ म्हणजे निर्मिती नव्हे. 'किण्वन' या पारिभाषिक संज्ञेपेक्षा घरगुती 'मुरणे' हाच शब्द हे मर्म अधिक नेमके सांगतो, असे वाटते.